रविवारची वाकडी माणसं

९ जानेवारी, गुरुवार

कालिंदीबाई म्हणाल्या, एक वही करा. कुठं दुखलं, किती दुखलं, काय केल्यावर दुखलं, सगळं लिहून आणा. मी म्हणलं, बाई, मला अक्षर येत नाय. त्या म्हणाल्या, मग घरात कोणाकडनं तरी लिहून घ्या.

म्हणून ही मोनिका. माझी नात. पंचवीस वर्षांची, वाळूजला कंपनीत माल तपासते. तिची दुपारपाळी असली की वही बंद. मी तिला बजावलंय, मी बोलेन ते सगळं लिहायचं, आपल्या मनानं शहाणपणा करायचा नाय. ती म्हणते, "आजी, शहाणपणा करायचा नाय हे पण लिहू?" लिही. कागद तुझ्या बापाचा, जीभ माझी.

तर पहिल्यापासनं. दिवाळीपासून खोकला जात नव्हता. पोरानं, म्हणजे कृष्णानं, दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. डॉक्टर पोरगेलासा. फोटो उजेडाला धरून फिरवून फिरवून बघत बसला. मला वाटलं, आटपलं आपलं. मग म्हणाला, "आजी, छाती ठीक आहे. पण पाठीचा कणा कधीपासून असा?"

मी बघितलं. घाटातला रस्ता असावा तसं वळण. मी म्हणलं, "बाराव्या वर्षापासनं. विहिरीच्या पायरीवरनं पडले." तो म्हणाला, पडून असं होत नाही. वाढत्या वयात आपसूक वाकतो, बऱ्याच जणांचं कारण सापडतच नाही. कोणाची चूक नसते.

आई म्हणायची पडलीस. मला पडल्याचं आठवत नव्हतं, पण आई सांगते म्हणजे पडलेच असेन. पंचावन्न वर्षं मी त्या विहिरीला शिव्या दिल्या. बिचारी विहीर.

त्या डॉक्टरनंच कालिंदीबाईंकडं धाडलं. त्या व्यायामाच्या डॉक्टर. दर रविवारी अकराला सिडकोत वर्ग घेतात, नुसता वाकड्या पाठीच्या लोकांचा.

आज पाठीचा उजवा फरा दुखला, भांडी लावताना. दहापैकी किती ते सांगायचं असतं. सहा. जन्मात परीक्षेला बसले नाय, आता एकदम पास.

१२ जानेवारी, रविवार

जाऊन आले. न्यायला सांडू आला होता. सांडू रिक्षा चालवतो आणि त्याच वर्गातला हाय. रिक्षा सरळ चालते, सांडू वाकडा बसतो. मला म्हणतो, "मावशी, डावीकडं धरून बसा." मी म्हणलं, "मला कळतंय रे बाबा कुठं धरायचं. तुझ्याआधी वाकडी झालेय मी."

मोठी खोली. जिना नाय, बरं झालं. अकरा माणसं. मला वाटलं होतं सगळ्या म्हाताऱ्या असतील. कसलं काय! कॉलेजची पोरं, एक मास्तर, एक बँकेतली बाई. आमच्या गावाकडं नवं माणूस आलं की कोणत्या गावचे विचारतात. इथं विचारतात, तुमचं किती डिग्री? सांडू बेचाळीस. स्वराली म्हणून एक पोरगी हाय, सव्वीस वर्षांची, तिचं बावन्न होतं, ऑपरेशन करून अठरा झालं. मला विचारलं. फोटोच्या कागदावर अठ्ठावन्न लिहिलेलं.  मग सांडू म्हणाला, "मावशी, तुम्ही तर आमच्या पाटलीण."

व्यायाम केला नाय. पदर सोडून चटईवर झोपा म्हणाल्या कालिंदीबाई. मी म्हणलं, पदर सोडायला मी इथं नाय आले. त्या हसल्या. म्हणाल्या, बसा नुसत्या, बघा.

बसले. बघितलं. एवढी माणसं पाठी उघड्या टाकून एकमेकांच्या बरगड्यांवर हात ठेवून श्वास घेत होती. मला बघवेना आणि नजर पण काढवेना.

१९ जानेवारी, रविवार

आज पडद्यामागं स्वरालीनं माझा पदर उतरवला. हे लिहू नको. मोनिका लिहितेय. लिही मग.

माझा डावा खांदा खाली हाय. लग्नाच्या वर्षी आईनं कापसाची एक छोटी गादी शिवून दिली होती, खांद्यावर ठेवायची. तेव्हापासून झंपराच्या आतून ती पिनेनं लावते. आमच्या कारभाऱ्यांनी सुद्धा उजेडात माझी पाठ बघितली नाय. गेले ते तसेच. आईचा हात असा पक्का, अजून ती गादी चपटी झाली नाय का टाका उसवला नाय.

तर ती गादी आज टपकन खाली पडली. स्वरालीनं उचलली. "आजी, हे काय?"

"माझा खांदा."

पोरगी हसली, हसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "मी दहा वर्षं बाबांचे शर्ट घातले. उन्हाळ्यात पण. सगळ्यांना वाटायचं फॅशन हाय."

मग तिनं माझ्या डाव्या बरगड्यांवर हात ठेवला, जिथं खड्डा हाय तिथं. म्हणाली, इथं श्वास भरा. मी म्हणलं, श्वास काय पाणी हाय का, पाहिजे तिथं भरायला? पण भरला. तिसऱ्या-चौथ्या वेळी तिचा हात जरासा उचलला गेला. त्या जागेला मी असल्याचा पत्ताच नव्हता इतकी वर्षं.

येताना सांडू म्हणाला, "मावशी, गप्प का?" मी म्हणलं, "तोंड दुखतंय." दहापैकी किती, म्हणतो मेला.

२२ जानेवारी, बुधवार

एका जागी बसवत नाय. गॅलरीतून देव्हारा, देव्हाऱ्यातून गॅलरी. विमानतळाचं विमान गेलं की वर बघते, जशी काय त्यात माझी माणसं हाईत. आशा, म्हणजे माझी सून, म्हणाली, "आत्याबाई, पायाला चक्र लागलंय का?" रविवार यायला अजून चार दिवस.

श्वासाचा व्यायाम दोनदा केला, दाराला कडी घालून.

२ फेब्रुवारी, रविवार

मोनिकाला स्थळ आलं. हर्सूलचं. मुलगा ऋतुराज, वाळूजलाच इंजिनिअर. मागच्या आठवड्यात दोघं बाहेर भेटून आली. मी विचारलं, कसा वाटला? म्हणे, "बरा हाय." एवढंच. पण दोन दिवस गाणं म्हणत भांडी घासते, आणि कधी नव्हे ते माझी पण घासते. आत्ता लिहिताना कान लाल झालेत. होऊ दे. पत्रिका पण जुळली. सोळा तारखेला, रविवारी, ते लोक सुपारी फोडायला येणार. सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं.

आजच्या वर्गात कालिंदीबाईंनी मोबाईलवर सगळ्यांचा फोटो काढला. माझा पण, पाठमोरा. मास्तर म्हणाला, आजी, तुमचा फोटो वर्गाच्या पाटीवर लावला तर दहा बायका तरी घराबाहेर पडतील. मी म्हणलं, लावा. म्हणलं तेव्हा लई बरं वाटलं. घरी येऊन आशाला सांगितलं. तिच्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल दुपारपाळी होती, म्हणून भांडण आज लिहितोय.

आशा म्हणाली, "आत्याबाई, तो फोटो नका लावू देऊ. आणि सुपारी फुटेपर्यंत तिकडं जाऊ नका."

"का?"

"लोक म्हणतील, घराण्यात हाय."

मी म्हणलं, "मोनिकाची पाठ कालिंदीबाईंनी वाकवून बघितलीय. काडीसारखी सरळ हाय."

"लोक मोनिकाची पाठ नाय बघत. घराची बघतात."

मला राग आला. मी म्हणलं, "पन्नास वर्षं कोणाला कळलं नाय, दोन आठवड्यांत काय कळणार हाय?"

तशी ती थांबली. "कोणाला कळलं नाय?" आत गेली आणि शिवणाचा डबा घेऊन आली. डब्यात कापूस, आणि माझ्या त्या गादीच्या रंगाचं फडकं, घडी करून. "सव्वीस वर्षं झाली मला या घरात. दर दिवाळीला तुमच्या गादीतला कापूस कोण बदलतं? तुमची आई येते का वरनं?"

मी खाली बसले. तिला म्हणलं, कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही बोलल्या का?"

पंचावन्न वर्षं विहिरीचा घोळ, सव्वीस वर्षं हा. माझ्या अंगाची माझ्यापेक्षा दुसऱ्यांनाच जास्त माहिती.

मग म्हणलं, नाय जाणार. काय करू? जिनं एवढं झाकलं, तिच्या पोरीचं माझ्यापायी उघडं पडायला नको. आणि पोरगी गाणं म्हणते.

सुपारीनंतर साखरपुडा, साखरपुड्यानंतर लग्न, लग्नानंतर डोहाळे. कुठं थांबणार हे झाकणं? हे आशाला विचारलं नाय. वहीला विचारतेय.

९ फेब्रुवारी, रविवार

अकराच्या आधी सांडूनं खाली हॉर्न वाजवला. तीनदा. मी गॅलरीत गेले नाय. मोनिका जाऊन सांगून आली की आजीला ताप हाय. तो म्हणाला, थर्मामीटर आणू का? चांगला माणूस खोटं बोलायला पण अवघड करतो.

फोटो लावला नाय कालिंदीबाईंनी. आशानं फोन करून सांगितलं होतं.

आज दहापैकी नऊ. व्यायाम केला नाय म्हणून नाय, असंच. मोनिका विचारते, नक्की कुठं? सगळीकडं लिही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

स्वरालीनं मोनिकाच्या फोनवर बोलून पाठवलं. "आजी, तुमची चटई रिकामी हाय. मास्तर बसायला गेले तर सांडूदादा म्हणाला, पाटलीणबाईंची जागा हाय." मी ते पाचदा ऐकलं. मोनिका म्हणाली, उत्तर पाठव. मी फोन तोंडापाशी धरला आणि काय बोलावं कळेना. शेवटी खोकले. तेवढंच गेलं.

गॅलरीतल्या तुळशीला आज तीनदा पाणी घातलं. मरेल ती.

१६ फेब्रुवारी, रविवार

मोनिका, आज हात दुखला तरी सगळं लिही.

सकाळी आशानं मला दिवाणावर बसवलं. मागं गोधडीची घडी, अंगावर शाल. "उठू नका. गुडघे दुखतात म्हणून सांगू." मी म्हणलं, "अगं, गुडघेच तेवढे चांगले हाईत माझे." तरी बसले. देवळातल्या देवीला शेंदूर फासून बसवतात तशी.

अकराला सहा जण आले. ऋतुराज, त्याचे आईबाप, मामा, एक काकू आणि आजी, मुक्ताबाई. माझ्याच वयाच्या, कडक. मामा अडकित्ता घेऊन तयारच बसला. ताटात सुपारी, हळदकुंकू. मुक्ताबाई म्हणाल्या, "थांबा, आधी म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांची गळाभेट होऊ द्या." आशा म्हणाली, "त्यांचे गुडघे..." मुक्ताबाई म्हणाल्या, "बसून कुठं भेट होते व्हय? उठा की विहीणबाई."

उठले. मिठी मारली. त्यांचा हात माझ्या पाठीवर आला आणि तिथंच थांबला. उजव्या फऱ्याच्या उंचवट्यावर. मग सरकत डावीकडं, खड्ड्यात. मग वर, गादीवर. सोडेनात. चाचपत होत्या. माझ्या कानापाशी म्हणाल्या, "हे काय हो?"

विहीर जिभेवर आली होती. पंचावन्न वर्षांची सवय. आशा स्वयंपाकघराच्या दारात उभी, तोंडाला पदर. पण मला एकदम ती चटई दिसली, आणि अकरा वाजलेले. मी म्हणलं, "पाठ वाकडी हाय माझी. अठ्ठावन्न डिग्री. बाराव्या वर्षापासनं. रविवारी या वेळेला मी त्याच्याच वर्गाला जाते, तुमच्यामुळं आज बुडाला."

 मामाच्या हातातला अडकित्ता हातातच.

मग मुक्ताबाईंनी उलटतपासणी चालू केली. काय शिकवतात? दुखतं का? बायका किती? लग्न झालेल्या येतात का? जिना हाय का? आत कोण कोण बघतं? एवढं खोदून विचारलं की पोलीस बरे. मला कळत होतं, घराची खोट मोजत होत्या.

मामा म्हणाला, "मग मुलीची पाठ पण बघून घेतलेली बरी. वाकून दाखवू दे."

माझं डोकं सटकलं. मी म्हणलं, "बघा की. पण आमच्यात पावण्यांचा मान आधी. पहिला तुमचा मुलगा वाकंल. मला येतं आता बघता."

कृष्णा म्हणाला, "आई, आई..." पण ऋतुराज उठला. हसला, शर्ट खोचला आणि वाकला, हात जमिनीला. मी हात फिरवला. "सरळ हाय. आता मामा." मामाला पोट आडवं आलं. अर्ध्यात थांबले. काकू फिस्सकन हसल्या. तोवर मोनिका चहाचा ट्रे ठेवून आपणहून येऊन वाकली, ऋतुराजच्या शेजारी. दोन पाठी, सारख्या. मी मुक्ताबाईंना म्हणलं, लावा हात. त्यांनी लावला नाय. माझ्याकडंच बघत होत्या.

चहा झाला. सुपारी ताटातच राहिली. जाताना म्हणाले, कळवतो.

 मोनिकानं आज माझी भांडी घासली नाय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कळवलं. ऋतुराजच्या मामाचा फोन आला. पत्रिका जुळत नाय म्हणे. मागच्या आठवड्यात जुळत होती. तीन दिवसांत ग्रह हलले वाटतं, आमच्या दिवाणावरनं.

मी मोनिकाला म्हणलं, माझ्यामुळं झालं. ती म्हणाली, "पुढचं वाक्य सांग आजी." तिच्या फोनवर सारखं काहीतरी येतं, बघते आणि उलटा ठेवते. कंपनीवाल्यांना काही काळवेळ नाय.

आशाला जेवताना म्हणलं, "दोन शिव्या तरी दे." ती म्हणाली, "शाल अंगावर ठेवली असती तर..." मग स्वतःच म्हणाली, "शालीतनं पण लागलंच असतं हाताला." आणि मला दुसरी भाकरी वाढली, न विचारता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुपारी मोनिकाच्या फोनवर मुक्ताबाई. मला मागितलं. नंबर त्यांना कुठनं मिळाला कोण जाणे.

म्हणाल्या, "त्या वर्गाचा पत्ता पायजे होता."

मी म्हणलं, "कशाला? तिथल्या पण सुपाऱ्या मोडायच्या का?"

 मग म्हणाल्या, "माझी लेक हाय. दीपमाला. छत्तीस वर्षांची. तुमच्यापेक्षा जास्त वाकलेली. एकविसाव्या वर्षी लग्न करून दिलं, झाकून. आठ महिन्यांत आणून सोडली. पंधरा वर्षं झाली, मागच्या खोलीत असते. कोणी येणार असलं की माझ्या भावाच्या शेतावर पाठवतो. तुमच्या पाठीवर हात ठेवला आणि मला कळलं, ही तिचीच पाठ."

मी म्हणलं, "म्हणजे तुमच्या घरात होतं, आन माझ्या घराला नाव ठेवलं?"

"म्हणूनच ठेवलं," त्या म्हणाल्या. "एक घरात बघितलीय. नातसुनेच्या पोटी तसं लेकरू आलं तर बघवणार नव्हतं मला."

"आन ती मामाची पत्रिका?"

"मीच सांगितलं तसं सांगायला."

मी फोन बंद केला. पत्ता दिला नाय. देणार पण नाय. माझ्या पोरीचं गाणं बंद केलं त्या बाईनं.

गॅलरीत गेले, आले. परत गेले. छत्तीस वर्षांची. शेतावर पाठवतात म्हणे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मी नऊपासनं तयार होऊन बसले. आशानं विचारलं नाय कुठं निघाल्या. डबा दिला, त्यात दशम्या, बारा. मी म्हणलं, अकरा माणसं हाईत. ती म्हणाली, असू द्या एक जास्तीची.

सांडू आला नाय. पावणेअकरा झाले, अकरा झाले. मला वाटलं, रागावला. मोनिकानं दुसरी रिक्षा केली आणि माझ्याबरोबर आली. 

पोचलो तर सांडूची रिक्षा वर्गाच्या दारात उभी. सांडू बाहेर, टेकून. मला बघून म्हणाला, "मावशी, हर्सूलवरनं आणलंय. उतरत नाईत." रिक्षाच्या पलीकडं रस्त्यावर मुक्ताबाई उभ्या, डोक्यावर पदर.

मी मोनिकाकडं बघितलं. "पत्ता कोणी दिला?"

"मी पाठवला," ती म्हणाली. "सांडूदादाला पण मीच सांगितलं."

"तुला राग नाय आला त्यांचा?"

"आला की. अजून हाय." आणि माझ्या हातातला डबा घेऊन आत गेली.

रिक्षात ती दीपमाला बसलेली. तोंड पलीकडं. एवढ्या उन्हात स्वेटर. पायात नव्या चपला, अजून कागद चिकटलेला.

मी म्हणलं, "उतरतीस?"

मान हलवली. नाय.

"मग मी चढते. सरक."

सरकली. चढले. आतनं कालिंदीबाईंचा आवाज येत होता, श्वास घ्या, सोडा. आम्ही दोघी रस्त्याकडं बघत बसलो. मला बोलल्याशिवाय राहवत नाय, मोनिकाला माहीत हाय. तरी बसले. वीस मिनिटं झाली असतील. एक म्हैस गेली, एक पाण्याचा टँकर गेला. मग ती अगदी हळू म्हणाली, "आत आरसा हाय का?"

मी म्हणलं, "हाय. मोठा. पण त्याच्यासमोर सांडू उभा राहतो, त्यामुळं कोणाला काय दिसत नाय."

ओठ जरा हलले. हसली असं म्हणवत नाय, पण हलले. म्हणाली, "आज नको."

"आज नको तर नको. पुढच्या रविवारी पण रिक्षातच बसू. मला काय, वर्ग बुडवायची सवय झालीय तुमच्या घराण्यामुळं."

स्वराली दशमी घेऊन बाहेर आली. तिनं काही विचारलं नाय, दोघींच्या हातात अर्धी-अर्धी दिली आणि पुढच्या सीटवर, सांडूच्या जागी, पाठमोरी बसून खायला लागली. दीपमाला तिच्या पाठीकडं बघत होती. कापडातनं ऑपरेशनच्या दोन सळ्या कळतात तिच्या. खाणं विसरून बघत होती.

मुक्ताबाई तेवढा वेळ उन्हात उभ्याच. आत खुर्च्या होत्या. त्यांना बसा म्हणायला पाहिजे होतं. माझ्या मनात तीनदा आलं.

म्हणलं नाय. अजून एवढी चांगली नाय झाले मी.